घाम : उन्हाचा, कष्टाचा आणि धास्तीचा

गतवर्षीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एका ज्येष्ठ सभासदांनी दोन प्रश्न उपस्थित केले होते. आपल्या रुग्णालयाच्या केसपेपरवर नाडी, रक्तदाब, तापमान या नेहमीच्या रकान्यांखाली ‘घाम’ असा एक निराळा रकाना छापलेला असतो, तो कशासाठी, हा पहिला प्रश्न. जमाखर्चात मानसोपचारतज्ज्ञांच्या मानधनाची रक्कम दरवर्षी दिसते. जामनेरसारख्या तालुक्याच्या गावी त्या खर्चाची खरोखर आवश्यकता आहे काय, हा दुसरा. वेळेअभावी आम्ही त्या दिवशी त्रोटक उत्तर देऊन पुढील विषय घेतला. वस्तुतः हे दोन्ही प्रश्न एकाच प्रश्नाचे दोन भाग आहेत आणि त्याचे सविस्तर उत्तर सभासदांना व देणगीदारांना देणे हे आमचे कर्तव्य आहे. वाणिज्य शाखेच्या माणसाने शरीरशास्त्रावर लिहावे हे थोडे धाडसाचेच. म्हणून पुढील वैद्यकीय मजकूर रुग्णालयाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून तपासून घेतला आहे.

खानदेशात घामाचे कौतुक ते काय असणार? वैशाखात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा ज्याला घाम येत नाही त्याचीच काळजी वाटावी अशी आपल्या भागाची स्थिती. तथापि आपल्या मराठी भाषेने घामाघामांत फार पूर्वीच भेद करून ठेवला आहे. उन्हात घाम ‘येतो’. शेतात घाम ‘गाळावा’ लागतो. आणि सावकाराचा माणूस दारात उभा राहिला, दहावीच्या निकालाचा दिवस उजाडला, अंधारात पायाजवळ काही सळसळले, म्हणजे घाम ‘फुटतो’. या शेवटच्या प्रसंगालाच आपण ‘तोंडचे पाणी पळाले’ असेही म्हणतो. तोंड कोरडे पडावे आणि त्याच क्षणी तळहात ओले व्हावेत, ही गोष्ट आपल्या पूर्वजांनी नेमकी टिपली होती. हे दोन वाक्प्रचार वाचकांनी ध्यानात ठेवावेत. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

माणसाच्या त्वचेत सुमारे २० ते ४० लाख घर्मग्रंथी असतात. त्यांचे मुख्य काम शरीर थंड राखणे. एक लिटर घामाची वाफ होताना शरीरातील सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. माठातले पाणी ज्या न्यायाने गार होते, त्याच न्यायाने माणूस गार होतो. हवा कोरडी असेल तर वाफ लवकर होते. म्हणून आपल्याकडच्या उन्हात घाम आला तरी तो अंगावर दिसतोच असे नाही, कपड्यांवर फक्त मिठाचे पांढरे डाग राहतात. मुंबईच्या दमट हवेत त्याहून कमी तापमानालाही माणूस निथळतो, कारण तेथील घाम वाळत नाही. या सर्व कारभाराचे नियंत्रण मेंदूतील हायपोथॅलॅमस नावाच्या भागाकडे असते. रक्ताचे तापमान किंचित वाढले की तेथून आज्ञा सुटते आणि सर्वांगाला, विशेषतः छाती, पाठ व कपाळ यांना घाम येऊ लागतो.

धास्तीच्या घामाचे खाते मात्र निराळे आहे. जपानमधील नागोया येथील शरीरशास्त्रज्ञ यास कुनो यांनी आपले आयुष्य घामाच्या अभ्यासात घालविले. त्यांचा या विषयावरील मोठा ग्रंथ १९५६ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी दाखवून दिले की तळहात व तळपाय यांचा घाम हवेच्या उष्णतेवर फारसा अवलंबून नसतो. तो मनाच्या अवस्थेवर अवलंबून असतो. माणसाला भर पौषात, थंडीने कुडकुडत असताना, तोंडी गणित घातले तरी त्याचे तळहात ओलसर होतात. काख आणि कपाळ येथे दोन्ही प्रकारचा घाम येतो. याची आज्ञा भय व भावना यांच्याशी संबंधित मेंदूच्या भागांतून निघते आणि झोप लागली की ती थांबते. झोपेत तळहात कोरडे होतात, ही लहानशी बाब निदानाच्या दृष्टीने फार मोलाची आहे.

निसर्गाने अशी सोय का केली असावी? याचे जे स्पष्टीकरण दिले जाते ते आपल्या शेतकरी वाचकांना सहज पटेल. कुऱ्हाड किंवा कुदळ हाती घेण्यापूर्वी मजूर तळहातावर थुंकतो, तो पकड घट्ट बसावी म्हणून. संकटात पळावे, झाडावर चढावे किंवा शस्त्र धरावे लागले तर तळवे किंचित ओले असलेले बरे. मात्र हा ओलावा थोडा असला तरच उपयोगी. फार झाला की पकड सुटते. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाचे तोंड कोरडे पडते, अंगाला कंप सुटतो, रोमांच उभे राहतात आणि गांडीव हातातून गळू लागते. तेथे घामाचा उल्लेख नाही. पण आमचे एक डॉक्टर थट्टेने म्हणतात की एवढी लक्षणे केसपेपरवर असती तर त्यांनी अर्जुनाचे तळहात अवश्य पाहिले असते. भरताच्या नाट्यशास्त्रातील आठ सात्त्विक भावांत मात्र ‘स्वेद’ स्पष्टपणे मोजलेला आहे.

आता यंत्रणा कशी चालते ते पाहू. आपल्या इच्छेविना चालणाऱ्या चेतासंस्थेच्या दोन शाखा आहेत. संकटसमयी धावून येणारी ती अनुकंपी आणि शांततेच्या काळात पचनादी व्यवहार सांभाळणारी ती परानुकंपी. भय निर्माण झाले की अनुकंपी शाखा जागी होते. हृदय जोरात धडधडू लागते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, त्वचेखालील रक्तवाहिन्या आकुंचन पावून हातपाय गार पडतात. परानुकंपी शाखेचे काम मंदावल्याने लाळ आटते. आणि घर्मग्रंथी सुरू होतात. गार त्वचेवर घाम, म्हणून आपण त्याला ‘थंड घाम’ म्हणतो. येथे एक अपवाद आहे. अनुकंपी शाखेच्या बहुतेक तंतूंचे काम नॉरअ‍ॅड्रिनॅलिन या द्रव्याद्वारे चालते, परंतु घर्मग्रंथींकडे जाणारे तंतू अ‍ॅसिटिलकोलीन हे दुसऱ्या शाखेचे द्रव्य वापरतात. एका खात्याच्या नोकराने पगार मात्र दुसऱ्या खात्यातून उचलावा, असा हा प्रकार. हिशेबनिसाला अशी नोंद खटकते आणि पुढे ताळेबंद जुळवताना ती आठवावी लागते. याही अपवादाचे काम पुढे पडेल.

चिंता आणि घाम यांचा संबंध केवळ एकमार्गी असता तर प्रश्न सोपा होता. तो तसा नाही, हे आम्हाला एका विद्यार्थिनीमुळे नीट उमगले. दहावीत शिकणारी ही मुलगी आईबरोबर बाह्यरुग्ण विभागात आली, तेव्हा तिच्या मुठीत रुमाल होता आणि तो पिळून काढावा इतका ओला होता. तक्रार आईने सांगितली : मुलगी परीक्षेला फार घाबरते, उत्तरपत्रिका भिजते, शाई पसरते, पुरवणीचे कागद हाताला चिकटतात. घरात सर्वांनी तिला ‘टेन्शन घेऊ नकोस’ असे सांगून झाले होते. हे वाक्य आम्हीही अनेकांना ऐकविले आहे आणि त्याने कोणाचा घाम आटल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

डॉक्टरांनी मुलीलाच विचारले, तेव्हा निराळी हकिकत कळली. हाताला घाम येणे वयाच्या आठव्या-नवव्या वर्षापासूनच सुरू होते, त्या वेळी परीक्षेचे भय वगैरे काही नव्हते. दोन्ही तळहात व दोन्ही तळपाय सारखेच ओले होत, चप्पल पायातून निसटे. झोपेत हात कोरडे असत. मामालाही तसाच त्रास होता. हा एक स्वतंत्र विकार आहे; त्याला हायपरहायड्रोसिस म्हणजे अतिघर्मता असे नाव आहे. त्यात ग्रंथी जास्त नसतात, त्यांना जाणारी आज्ञा अवाजवी असते. तो बहुधा पंचविशीच्या आत सुरू होतो, शरीराच्या दोन्ही बाजूंना सारखा असतो, झोपेत थांबतो आणि पुष्कळदा घराण्यात चालत येतो. म्हणजे मुलगी घाबरट होती म्हणून घाम येत होता असे नव्हे. घाम येत होता म्हणून ती घाबरू लागली होती. फुगडीला कोणी हात धरत नसे. प्रसाद घ्यायला हात पुढे करण्याची लाज वाटे. वर्गात फळ्यावर लिहायला बोलावले की आधी हाताकडे लक्ष जाई. लक्ष गेले की धास्ती आणि धास्ती आली की घाम. मुद्दलावर व्याज आणि व्याजावर पुन्हा व्याज, अशी ही चक्रवाढ. तिचे मूळ मुद्दल कोठे आहे हे शोधल्याविना केवळ व्याज माफ करून कर्ज फिटत नाही.

ही लाज केवळ आपल्याकडचीच आहे असे समजण्याचे कारण नाही. अमेरिकेत दीड लाख कुटुंबांची पाहणी करून २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लोकसंख्येच्या २.८ टक्के लोकांना अतिघर्मता असल्याचे आढळले आणि त्यांपैकी केवळ ३८ टक्के लोकांनी हा विषय डॉक्टरांपुढे काढला होता. बाकीचे बहुधा गडद रंगाचे सदरे घालून दिवस काढत असावेत. आपल्याकडे आता रेशन दुकानात अंगठा उमटवावा लागतो. ओल्या बोटांमुळे यंत्र ठसा घेत नाही, मागची रांग कुरकुरते आणि माणसाला आणखी घाम येतो. ज्यांना हा त्रास आहे त्यांनाच ते दुःख कळेल.

उलट बाजूनेही हिशेब होतो. ज्यांचा मूळ विकार चिंतेचाच आहे अशांना ‘जीव घाबरा होतो’, छाती धडधडते, दरदरून घाम सुटतो, आता आपण मरणार असे वाटते. दहा-वीस मिनिटांत लाट ओसरते. इ.सी.जी. निर्दोष असतो. आठवड्याने पुन्हा तेच. असे रुग्ण आमच्याकडून जळगावला, जळगावहून मुंबईला जातात आणि जाडजूड फाइल घेऊन परत येतात. फाइलमधील प्रत्येक अहवाल ‘नॉर्मल’ आणि प्रत्येक अहवालापोटी खर्च झालेले पैसे मात्र कपाशीच्या पट्टीतले किंवा उसनवारीचे. अशा एका फाइलची बेरीज आम्ही कुतूहलाने करून पाहिली होती. ती रक्कम येथे देत नाही. एवढेच सांगतो की तेवढ्यात त्या गृहस्थांचे मानसोपचार कित्येक वर्षे चालले असते. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात महाराष्ट्र नव्हता, पण शेजारची गुजरात व मध्य प्रदेश ही राज्ये होती. प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आणि त्यांतील बहुतेक उपचारांपासून दूर असल्याचे आढळले. तालुक्याच्या ठिकाणी तज्ज्ञ येणे का आवश्यक आहे, या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आहे.

उरलेले अर्धे उत्तर २०१७ सालच्या पावसाळ्याअखेरच्या एका रात्रीचे आहे. त्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. वृत्तपत्रे त्या बातम्यांनी भरलेली होती. आपला तालुकाही कपाशीचा. येथेही त्याच दिवसांत, उंच वाढलेल्या पिकात, पाठीवर पंप घेऊन फवारणी चालू होती. स्वाभाविकच फवारणी करून आलेला जो तो धास्तावला. थोडे डोके दुखले, थोडा घाम आला की लोक रुग्णालय गाठत आणि त्यांतील बहुतेकांना खरोखरच भीतीखेरीज काही झालेले नसे. दोन आठवड्यांत आमच्या कर्मचाऱ्यांना याची सवय होऊन गेली.

त्या रात्री काही मिनिटांच्या अंतराने दोन तरुण आले, दोघेही फवारणीचे मजूर, दोघेही घामाने चिंब. पहिला मोठमोठ्याने बोलत होता, पाणी मागत होता. दुसरा गप्प होता. दोघांच्याही कागदावर ‘घाबरल्यामुळे घाम’ असा एकच शेरा पडला. गर्दी होती, दोघांना बाकावर बसविण्यात आले. सुमारे अर्ध्या तासाने रात्रपाळीच्या सिस्टर तेथून जाताना थांबल्या. दुसऱ्या तरुणाच्या सदऱ्याचा पुढचा भाग वेगळ्याच तऱ्हेने ओला होता. ती लाळ होती. टॉर्च लावून पाहिले, तर डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक झाल्या होत्या.

आता वर सांगितलेले वाक्प्रचार आठवावेत. भीतीने घाम फुटतो, पण तोंडचे पाणी पळते आणि बाहुल्या मोठ्या होतात. कपाशीवरील सेंद्रिय फॉस्फरस वर्गाच्या कीटकनाशकाने घाम फुटतो, पण तोंडाला पाणी सुटते, नाकाडोळ्यांतून पाणी वाहते आणि बाहुल्या बहुधा बारीक होतात. कारण हे विष शरीरातील अ‍ॅसिटिलकोलीनचा निचरा करणारे विकर बंद पाडते. मग ते द्रव्य साचत जाते आणि त्याच्या हुकमाखालच्या साऱ्या ग्रंथी, अर्थात घर्मग्रंथीही, एकदम मोकाट सुटतात. पुढे छातीत पाणी भरते आणि श्वासाचे स्नायू थकतात. उपाय अ‍ॅट्रोपीन, आणि तो वेळेवर. मात्रा पुरेशी झाली की नाही हे ठरविताना छातीतील घरघर थांबली का, नाडी वाढली का, हे पाहतात. आणि काख कोरडी झाली का, हेही सिस्टर दर थोड्या वेळाने हात लावून पाहतात. त्या तरुणाची काख पहाटेच्या सुमारास कोरडी झाली. तो वाचला. पहिला तरुण पाणी पिऊन, दिवस उगवेपर्यंत निरीक्षणाखाली राहून घरी गेला.

अर्धा तास तो मुलगा बाकावर बसून होता, ही गोष्ट आम्ही विश्वस्तांपुढे मांडली. दोष कोणा एका कर्मचाऱ्याचा नव्हता. ‘घाबरला आहे’ हे निदान फार स्वस्त पडते. त्याला तपासणी लागत नाही, खर्च लागत नाही आणि दहांपैकी नऊ वेळा ते खरेही ठरते. दहाव्या वेळेसाठी २०१८ पासून केसपेपरवर हा रकाना आला. घाम असल्यास परिचारिकेने त्यात चार गोष्टी लिहावयाच्या : तोंड कोरडे की लाळ, बाहुल्या मोठ्या की बारीक, हातपाय गार की गरम, आणि घाम झोपेत येतो की नाही. त्या लिहिल्याखेरीज ‘भीती’ हा शब्द कोणीही लिहावयाचा नाही. छपाईखर्चात यामुळे वाढ झालेली नाही, हेही सभासदांच्या माहितीसाठी नमूद करतो.

झोपेतील घामाविषयी थोडे. चिंतेचा व जन्मजात अतिघर्मतेचा घाम झोपेत थांबतो, हे वर आलेच आहे. तेव्हा रात्री अंथरूण भिजण्याइतका घाम येत असेल, सोबत खोकला, बारीक ताप, वजन घटणे असेल तर क्षयरोगाची तपासणी अगोदर करावी. थुंकीची तपासणी व औषधे शासनाच्या कार्यक्रमात विनामूल्य मिळतात. थायरॉइड वाढल्याने घाम, धडधड, हाताचा कंप व चिडचिड होते, म्हणजे हुबेहूब चिंताविकाराचे सोंग. पंचेचाळिशी-पन्नाशीच्या भगिनींना एकाएकी अंगातून वाफा निघून घाम येतो, तेव्हा ‘घरात टेन्शन असेल’ असे म्हणून त्यांची बोळवण होते. तो मासिक पाळी जाण्याच्या वयातील सर्वसामान्य बदल आहे आणि त्यावरही उपाय आहेत.

मधुमेहींनी तर विशेष सावध राहावे. इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या घेऊन नवरात्रात अथवा आषाढीला कडक उपवास केला, तर साखर एकदम खाली जाते. थरकाप, धडधड, घाम, भेदरलेपणा. घरच्यांना वाटते माणूस घाबरला, आणि खरी गरज असते साखरपाण्याची. यांतील जे रुग्ण रक्तदाबासाठी प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी घेतात त्यांची धडधड व थरकाप त्या गोळीने झाकला जातो. घाम मात्र झाकला जात नाही, कारण घर्मग्रंथींचा ‘पगार’ दुसऱ्या खात्यातून येतो. अशा वेळी घाम हीच एकमेव साक्ष उरते.

विंचूदंशाच्या बाबतीत तर महाराष्ट्राने जगाला शिकविले आहे. महाड परिसरात लाल विंचवाच्या दंशाने माणसे दगावत, डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणांचा क्रम टिपला आणि प्राझोसिन या औषधाचा उपयोग १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. त्यानंतर मृत्यूंचे प्रमाण एकदम खाली आले. भारत शासनाने त्यांना २०२२ मध्ये पद्मश्रीने गौरविले. त्यांच्या निरीक्षणांतही घाम महत्त्वाचा आहे : दंशानंतर भरपूर घाम, उलटी आणि गार पडलेले हातपाय दिसले, तर विष अंगात भिनले असे समजावे व रुग्णाला मंत्र-उताऱ्यात न गुंतवता थेट रुग्णालयात आणावे. सर्पदंशाचे उलट आहे. बिनविषारी सापाने चावले तरी भीतीने घाम फुटतोच. म्हणून त्या घामावरून काहीच ठरवू नये, रुग्णाला निरीक्षणाखालीच ठेवावे.

आणि चाळिशी उलटलेल्या व्यक्तीला विश्रांतीत असताना थंड घाम, छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ असेल, तर ते ऊन नव्हे आणि चिंताही नव्हे, असे गृहीत धरूनच निघावे. मे महिन्यात ‘उन्हाचा त्रास’ म्हणून कांद्याचा रस पाजण्यात घालविलेला तास हृदयाच्या स्नायूला परत मिळत नाही.

एवढे सर्व वगळल्यावर जी चिंता उरते ती खरी चिंता, आणि तिच्यावर उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञ केवळ गोळ्या लिहून देतात हा समज चुकीचा आहे. आमच्याकडे येणारे तज्ज्ञ प्रथम रुग्णाला घामाची यंत्रणाच समजावून सांगतात, साधारण आम्ही वर लिहिली आहे तशी. ज्याला घाम म्हणजे मृत्यूची चाहूल वाटते, त्याला तो घाम कोठून येतो हे कळले की लाट लवकर ओसरते. मग श्वास सावकाश सोडण्याचा सराव आणि टाळलेल्या प्रसंगांना थोडेथोडे सामोरे जाणे. रुमाल नसेल तर घराबाहेर पाऊल न टाकणाऱ्याला एक दिवस रुमाल घरी ठेवून बाजारात जायला सांगतात. काही बिघडत नाही हे त्याने स्वतः पाहावे लागते, दुसऱ्याने सांगून उपयोग होत नाही. औषधे लागली तर तीही देतात. मात्र चिंतेवरील काही औषधांनीच आरंभी घाम वाढतो. रुग्णांनी तो पाहून परस्पर गोळ्या बंद करू नयेत, डॉक्टरांना सांगावे.

अतिघर्मतेवर स्वस्त उपाय अगोदर करावेत. रात्री, पूर्ण कोरड्या त्वचेवर अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडचा द्राव लावून सकाळी धुणे. आपल्याकडील आज्या काखेत तुरटी फिरवीत, तीही अ‍ॅल्युमिनियमचाच क्षार. तेव्हा ही काही परदेशी कल्पना नव्हे. दुसरा उपाय आयन्टोफोरेसिस. दोन उथळ ताटल्यांत पाणी घेऊन त्यांत तळहात ठेवतात आणि सौम्य विद्युतप्रवाह वीसेक मिनिटे सोडतात; आठवड्यातून तीनदा, असे काही आठवडे, मग अधूनमधून. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्याला सर्वजण नावे ठेवतात, पण येथे ते उपयोगी पडते, कारण क्षार असलेल्या पाण्यातून प्रवाह चांगला वाहतो. गर्भवती भगिनी व पेसमेकर बसविलेले रुग्ण यांना हा उपचार देत नाहीत. बोट्युलिनमची इंजेक्शने परिणामकारक आहेत, परंतु काही महिन्यांनी पुन्हा घ्यावी लागतात आणि महाग आहेत. छातीतील चेतातंतू कापण्याची शस्त्रक्रिया हा अगदी अखेरचा मार्ग. तळहात कोरडे होतात, पण पुष्कळांना त्याऐवजी पाठ व पोट येथे अधिक घाम येऊ लागतो.

एक इशारा मात्र खानदेशासाठी स्वतंत्रपणे द्यावासा वाटतो. घाम आटविणाऱ्या गोळ्या बाजारात मिळतात; ग्लायकोपायरोलेट, ऑक्सिब्युटिनिन ही त्यांची नावे. त्या तळहाताचा घाम आटवतात तशाच सर्वांगाचाही आटवतात. थंड देशातील पुस्तकात त्या निर्धोक वाटतील. पण केळीच्या बागेत किंवा वीटभट्टीवर ४५ अंशांत काम करणाऱ्या माणसाचा घाम बंद करणे म्हणजे उष्माघाताला आमंत्रण देणे होय. मार्च ते जून या महिन्यांत आमचे डॉक्टर उन्हात राबणाऱ्यांना त्या लिहून देत नाहीत. कोणी दुकानातून परस्पर घेतल्या असतील तर त्यांनी कृपया दाखवावे.

त्या विद्यार्थिनीला द्राव आणि आयन्टोफोरेसिस दोन्ही दिले. घाम पूर्ण गेला नाही, निम्म्याहून कमी झाला. तज्ज्ञांकडे तिच्या चार भेटी झाल्या. शाळेच्या मुख्याध्यापकांना आम्ही पत्र दिले की तिने उत्तरपत्रिकेखाली टीपकागद ठेवल्यास हरकत घेऊ नये, आणि त्यांनी ते मान्य केले. बोर्डाच्या परीक्षेत कागद फाटला नाही, असे तिच्या आईने येऊन सांगितले; गुण किती मिळाले ते आम्ही विचारले नाही.

मानसोपचार बाह्यरुग्ण विभाग दर महिन्याच्या दुसऱ्या व चौथ्या शनिवारी सकाळी चालतो. नोंदणी नेहमीच्याच खिडकीवर होते व केसपेपर नेहमीच्याच रंगाचा असतो. स्वतंत्र रंगाचा कागद दिला तर लोक येत नाहीत, हे आम्ही पहिल्याच वर्षी अनुभवले. निर्धन रुग्णांना शुल्क नाही. ज्यांना येणे शक्य नाही त्यांच्यासाठी केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य, मराठीतून बोलता येते. हा क्रमांक यंदापासून केसपेपरच्या मागील बाजूस, औषधे घेण्याच्या वेळांच्या तक्त्याखाली, छापण्यात येत आहे.